मुद्रितशोधिकेने कंपाइल केलेला स्क्राइबस: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण सप्टेंबर २०२० मधील आहे. मुंबईतील एका छापखान्यातून मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झालेल्या आणि ठाण्यात नौपाड्यात राहणाऱ्या चौसष्ट वर्षांच्या एका बाईंनी स्क्राइबस हे पानजुळणीचे सॉफ्टवेअर आपल्या लिनक्स लॅपटॉपवर मूळ सोर्स कोडपासून कंपाइल करून घेतले, म्हणजे प्रोग्रॅमरांनी लिहिलेल्या मजकुरापासून चालणारा प्रोग्रॅम स्वतःच तयार केला. त्या माझ्या आईच्या मैत्रीण असल्याने मी त्यांना मावशी म्हणतो आणि पुढेही त्यांचा उल्लेख तसाच करतो. मी ऐरोलीला राहतो, हिशेबखात्यात नोकरी करतो आणि घरी बरीच वर्षे लिनक्स वापरत असलो तरी प्रोग्रॅमिंग मला येत नाही. दोघांपैकी कोणीही डेव्हलपर नव्हते, हे आधीच नोंदवणे आवश्यक आहे, कारण कंपाइल करण्याच्या बहुतेक सूचना वाचणाऱ्याला निम्मे काम येतेच असे गृहीत धरून लिहिलेल्या असतात. त्या काळात लोकल गाड्या अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांपुरत्याच चालू होत्या. त्यामुळे ऐरोलीहून ठाण्याला जाण्याचा प्रश्नच नव्हता आणि सगळे काम फोनवर बोलून व पडद्याचे फोटो पाठवून झाले.

निमित्त होते मावशींच्या वाचक मंडळाच्या दिवाळी अंकाचे. दरवर्षी तो बाहेरून जुळवून घेऊन छापला जाई, पण त्या वर्षी छपाई परवडणार नव्हती आणि वाटायला जाणेही शक्य नव्हते. म्हणून अठ्ठेचाळीस पानांचा अंक पीडीएफ स्वरूपात काढायचे ठरले आणि जुळणीची जबाबदारी मावशींनी स्वतःकडे घेतली. लिबरऑफिसच्या रायटर या लेखन-प्रोग्रॅममध्ये हे काम झाले नसते असे नाही, परंतु दोन स्तंभांचा मजकूर, मध्येच येणाऱ्या चौकटी आणि अर्ध्या-पाव पानाच्या जाहिराती यांसाठी पानजुळणीचेच सॉफ्टवेअर हवे, असा त्यांचा आग्रह होता, आणि छापखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

त्यांच्या लॅपटॉपवर डेबियन १० ही लिनक्सची आवृत्ती होती आणि तिच्या भांडारातील, म्हणजे डेबियनने तयार करून ठेवलेल्या सॉफ्टवेअरच्या साठ्यातील, स्क्राइबस १.४ या मालिकेतील होता. मावशींनी नेहमीप्रमाणे आधी चाचणीचे शब्द टाइप केले: क्षितिज, विद्यार्थ्यांनी, कोऱ्या, ह्रस्व, दुर्मिळ, सुऱ्या. पडद्यावर उमटले ते वाचण्याजोगे नव्हते. ह्रस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसली होती, जोडाक्षरांच्या जागी पाय मोडलेली सुटी अक्षरे होती आणि रफार कोठेच नव्हता. या मालिकेत देवनागरी किंवा अरबीसारख्या लिप्यांची अक्षरजुळणी करण्याची सोयच नाही. अक्षरे ज्या क्रमाने साठवली जातात, त्याच क्रमाने ती ओळीने मांडली जातात. गंमत अशी की युनिकोडपूर्व जुन्या टंकांत केलेला मजकूर याच स्क्राइबसमध्ये व्यवस्थित दिसला असता, कारण त्या टंकांत वेलांटी आधी आणि अक्षर नंतर असेच टाइप केलेले असते व संगणकाला जुळवण्यासारखे काही उरत नाही. पण तशा पीडीएफमध्ये एकही मराठी शब्द शोधता येत नाही, आणि लेखकांकडून आलेला सगळा मजकूर युनिकोडमध्ये होता.

स्क्राइबसमध्ये ही सोय २०१७ साली आलेल्या १.५.३ या आवृत्तीपासून आहे. अक्षरजुळणीसाठी ती हार्फबझ ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमांना वापरता येणारा तयार कोडचा संच, वापरते. आम्ही काम सुरू केले तेव्हा २०१९ साली आलेली १.५.५ उपलब्ध होती. मात्र डेबियनची एखादी आवृत्ती एकदा जाहीर झाली की तिच्या भांडारातील सॉफ्टवेअरमध्ये सुरक्षेच्या व गंभीर दोषांच्या दुरुस्त्या तेवढ्या येतात, नव्या आवृत्त्या सहसा येत नाहीत. डेबियनच्या स्थैर्याचे गमक हेच आहे, आणि आमची अडचणही हीच होती.

येथे विचारला जाणारा पहिला प्रश्न रास्त आहे: स्क्राइबसच्या प्रकल्पाकडूनच ॲपइमेज, म्हणजे न बसवता थेट चालणारी एकच फाइल, मिळत असताना कंपाइल कशासाठी करायचे? आम्हीही आधी तीच उतरवली. ती एका फटक्यात चालू झाली आणि तिच्यात चिकटवलेला मराठी मजकूर अगदी शुद्ध उमटला. अडले ते टाइप करताना. मावशी रोमन कळांनी ध्वन्यनुसारी मराठी लिहितात आणि त्यासाठी एफसिटिक्स हा इनपुट प्रोग्रॅम वापरतात. ॲपइमेज आपल्या पोटात स्वतःची क्यूटी, म्हणजे खिडक्या, मेनू आणि टाइपिंग सांभाळणारी लायब्ररी, घेऊन येते, आणि एफसिटिक्सशी बोलणारा दुवा त्या पोटातल्या क्यूटीत नव्हता. लॅपटॉपवरच्या क्यूटीत तो होता, पण ॲपइमेज तिकडे पाहतच नव्हती. म्हणून स्क्राइबसमध्ये इंग्रजीच उमटे. मजकूर दुसरीकडे लिहून चिकटवता आला असता, पण मुद्रितशोधनाचे काम तसे होत नाही. पान लागल्यावर ओळ कोठे तुटते ते पाहून जागेवरच शब्द बदलावा लागतो. मावशींना इनस्क्रिप्ट येत असते तर हे प्रकरणच घडले नसते, कारण इनस्क्रिप्ट हा साधा कीबोर्ड आराखडा आहे आणि त्याला मध्यस्थ लागत नाही. परंतु दिवाळीला दोन महिने असताना बोटांचे वळण बदलण्यास त्यांनी साफ नकार दिला. फ्लॅटपॅकचा, म्हणजे डेबियनच्या भांडाराबाहेरून तयार प्रोग्रॅम आणण्याचा, मार्ग आम्ही तपासला नाही, ही माझी चूक आहे. आज कोणी विचारले तर मी कंपाइल करण्याच्या आधी तो तपासायला सांगेन. लॅपटॉपवरचीच क्यूटी वापरणारा स्क्राइबस तयार केला तर एफसिटिक्स आपोआप चालेल, एवढे मात्र मला नक्की ठाऊक होते, आणि तेवढ्या भरवशावर आम्ही कामाला लागलो.

साधने तुटपुंजी होती. लॅपटॉपची रॅम दोन जीबी होती, प्रोसेसरला दोन कोर होते, हार्ड डिस्क जुन्या फिरत्या चकतीची होती आणि बॅटरी कधीच निकामी झालेली होती. इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचे होते आणि त्याला दिवसाला दीड जीबीची मर्यादा होती. बॅटरी आणि ही मर्यादा यांनी आम्हाला पुढे चांगलेच नडवले.

पहिला दिवस माझ्या अर्धवट ज्ञानामुळे वाया गेला. एखादे पॅकेज तयार करण्यासाठी लागणारे सर्व काही एका आज्ञेत आणून देणारी बिल्ड-डेप ही सोय डेबियनमध्ये आहे. सोर्सची भांडारे चालू करून स्क्राइबससाठी ती आज्ञा द्या, असे मी सांगितले. मावशींनी ती दिली आणि दिवसाचा बराचसा डेटा संपला. त्यानंतर सीमेक, म्हणजे लागणारे सामान आहे का ते तपासून बांधणीची तयारी करणारा प्रोग्रॅम, चालवल्यावर क्यूटी ५ सापडत नाही, असे उत्तर आले. कारण समजल्यावर मला ओशाळल्यासारखे झाले. बिल्ड-डेप भांडारातील आवृत्तीसाठी लागणारे सामान आणते. भांडारातली आवृत्ती १.४, आणि ती क्यूटी ४ वर बांधलेली. आम्ही नव्या घरासाठी जुन्या घराची यादी घेऊन बाजारात गेलो होतो. ही आज्ञा निरुपयोगी नाही, कारण यादीतले बरेचसे सामान दोन्हींना लागते. पण भांडारातली आणि आपल्याला हवी असलेली आवृत्ती वेगवेगळ्या पायांवर उभ्या असतील तर तिच्यावर विसंबू नये.

दुसऱ्या दिवसापासून मावशींची पद्धत सुरू झाली. छापखान्यात प्रूफ तपासताना एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचतो आणि दुसरा प्रूफवर खुणा करतो. त्या वाचणाऱ्याला कॉपीहोल्डर म्हणत. मावशी फोनवर माझ्या कॉपीहोल्डर झाल्या. टर्मिनलवरची, म्हणजे आज्ञा देण्याच्या खिडकीतली, ओळ त्या अक्षरशः, ठिपके-उभ्या-आडव्या रेघांसह वाचत, आणि त्यांनी एक वही केली, तिच्यात डावीकडे आलेली चूक, उजवीकडे बसवलेले पॅकेज आणि तारीख. मी तोवर चुकीबाबतचा संदेश कॉपी करून शोधयंत्रात टाकणे यालाच पद्धत समजत होतो.

सीमेकच्या तक्रारीचा नमुना मुद्दाम सांगतो, कारण नवख्या माणसाची दिशाभूल तेथेच होते. क्यूटीची अमुक संरचना-फाइल सापडली नाही, असे सांगून सीमेक लगेच सुचवतो की शोधमार्गाच्या चलात तिचा पत्ता भरा. वाचणाऱ्याला वाटते की वस्तू कोठेतरी आहे आणि फक्त पत्ता चुकला आहे. डेबियनवर बहुतेक वेळा वस्तूच नसते. डेबियन प्रत्येक लायब्ररीचे दोन भाग करते: चालणाऱ्या प्रोग्रॅमला लागणारा भाग एका पॅकेजमध्ये आणि नवा प्रोग्रॅम बांधताना लागणाऱ्या हेडर फाइली डेव्ह अशा शेपटीच्या वेगळ्या पॅकेजमध्ये. रोज वापरणाऱ्याच्या संगणकावर पहिला असतो, दुसरा नसतो. त्यामुळे ‘हार्फबझ तर माझ्याकडे आहे, तरी हा नाही म्हणतो’ हा मावशींचा संताप आणि सीमेकची तक्रार, दोन्ही एकाच वेळी खरे होते. नाव सापडत नसलेल्या फाइलींसाठी एपीटी-फाइल हे साधन उपयोगी पडले. कोणती फाइल कोणत्या पॅकेजमध्ये आहे ते तेच सांगते. क्यूटीच्या भाषांतर-साधनांची फाइल क्यूटीटूल्स५-डेव्ह या पॅकेजमध्ये असते, हे आम्हाला त्यातूनच कळले. नावावरून ते कोणाला सुचले नसते.

चार-पाच फेऱ्यांनंतर सीमेक कुरकुर न करता शेवटपर्यंत गेला आणि मी ‘आता मेक चालवा’ असे सांगितले; प्रत्यक्ष कंपाइल करण्याचे काम मेक करून घेतो. घाई झाली, ते पुढे येईलच.

फायली तयार करताना प्रथम मी मेकला एकाच वेळी चार कामे करायला सांगितले होते, कारण सूचनांमध्ये तसेच लिहिलेले असते. पाऊण तासाने काम थांबले. शेवटच्या ओळीत केवळ ‘एरर २’ असे होते आणि मावशींनी तीच वाचून दाखवली. येथे मला माहीत असलेली एक गोष्ट कामी आली: मेक अनेक कामे एकदम करत असेल तर एकात चूक झाल्यावर उरलेली चालू कामे पूर्ण होईपर्यंत तो थांबतो आणि मगच हात टेकतो, त्यामुळे खरी चूक बऱ्याच ओळी वर गेलेली असते. मी त्यांना वर सरकत पहिली चूक शोधायला सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, “अरे, मग हे आधी नाही का सांगायचं? गॅलीत एक ओळ निसटली की खालच्या सगळ्या ओळी चुकीच्या दिसतात. आम्ही वरूनच बघायचो.” त्यानंतर पहिली चूक शोधायला त्यांना मला कधीच विचारावे लागले नाही.

पहिली चूक अशी होती की कंपायलरमध्येच अंतर्गत बिघाड झाला आणि एक प्रोग्रॅम मारला गेला. हा संदेश वाचून कोणालाही कंपायलर नादुरुस्त आहे असेच वाटेल. वास्तविक रॅम संपल्यामुळे लिनक्सच्या कर्नलने, म्हणजे गाभ्याने, सर्वांत जास्त रॅम खाणाऱ्या प्रोग्रॅमचा बळी घेतला होता, आणि कर्नलच्या नोंदवहीत, म्हणजे डीमेसेजमध्ये, ते सरळ लिहिलेलेही होते. सी प्लस प्लस भाषेतील मोठ्या फाइली कंपाइल करताना एकेका फाइलला शेकडो एमबी लागू शकतात, आणि दोन जीबीत तशा चार फाइली व ब्राउझर एकत्र नांदत नाहीत. ब्राउझर बंद करून एका वेळी एकच काम चालवल्यावर हा प्रश्न सुटला. वेळ मात्र चौपट नसला तरी बराच वाढला. सगळे मिळून तीन तासांच्या आसपास लागतील असा अंदाज होता, आणि मावशींनी लॅपटॉप हॉलमध्ये पंख्याखाली ठेवून स्वयंपाकाला सुरुवात केली.

त्या शुक्रवारी देखभालीसाठी वीज गेली आणि लॅपटॉपला बॅटरी नसल्याने तो जागेवर बंद पडला. मी त्यांना निर्धास्त राहायला सांगितले, कारण मेक झालेल्या फाइली पुन्हा करत नाही. जेथे थांबला तेथून पुढे जातो. हे खरे आहे, पण त्यात एक फट आहे आणि आम्ही नेमके तिच्यात पडलो. फाइल झाली की नाही हे मेक तिच्या वेळेवरून ठरवतो, तिच्या आत काय आहे ते पाहत नाही. वीज गेली त्या क्षणी जी फाइल डिस्कवर लिहिली जात होती ती अर्धवट राहिली, तिच्यावर वेळेचा शिक्का मात्र ताजा बसला. मेकने ती झालेली धरली, पुढचे दोन तास बिनतक्रार काम केले आणि अगदी शेवटी सगळे तुकडे जोडण्याच्या टप्प्यावर ‘फाइल ओळखता येत नाही, फाइल तुटलेली आहे’ असे म्हणून अंग टाकले. संदेशात त्या फाइलीचे नाव होते. तेवढी एकच फाइल काढून मेक पुन्हा चालवला आणि पंधरा मिनिटांत काम संपले. मी तोवर संपूर्ण फोल्डर पुसून नव्याने सुरुवात करायला सांगण्याच्या बेतात होतो. संदेश नीट वाचून फाइलीचे नाव मावशींनीच दाखवले.

बसवण्याच्या बाबतीत मी एकच गोष्ट पहिल्यापासून बरोबर केली होती. सीमेकला सुरुवातीलाच सांगून स्क्राइबस मावशींच्या होम फोल्डरमधील एका वेगळ्या फोल्डरात बसवला, व्यवस्थेच्या सामायिक जागी नाही. यासाठी सुडो, म्हणजे प्रशासकाचा अधिकार, लागत नाही, भांडारातील १.४ ला धक्का लागत नाही आणि नको झाल्यावर तो फोल्डर काढला की संपले. सूचनांमध्ये सर्रास दिसणारे ‘सुडो मेक इन्स्टॉल’ नवख्या माणसाने टाळावे, असे माझे ठाम मत आहे, कारण सीमेक स्वतःहून अनइन्स्टॉलची सोय देत नाही. बसवलेल्या फाइलींची एक यादी तेवढी बिल्ड फोल्डरात लिहून ठेवतो, आणि लोक तो फोल्डर जागेसाठी आधी पुसतात.

स्क्राइबस उघडला, सहाही शब्द शुद्ध उमटले, कंट्रोल-स्पेस दाबल्यावर मराठी टाइप होऊ लागले. फोनवर मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “शब्दतपासणी कुठंय?”

मेनूत ती नव्हती. सीमेकच्या माहितीत दोन प्रकारच्या गैरहजेऱ्या असतात. काही गोष्टी नसल्या तर तो थांबतो. काही नसल्या तर एका ओळीत नोंद करून पुढे जातो. हुनस्पेल ही शब्दतपासणीची लायब्ररी सापडली नाही, म्हणून शब्दतपासणी बंद करत आहे, अशी ओळ शेकडो ओळींमध्ये कोठेतरी येऊन गेली होती आणि ‘कुरकुर न करता शेवटपर्यंत गेला’ एवढ्यावर मी समाधान मानले होते. जाहिरातींतील इंग्रजी मजकुरासाठी मावशींना ती सोय हवीच होती. हुनस्पेलचे डेव्ह पॅकेज बसवून सीमेक पुन्हा चालवला. या वेळी मावशींनी त्याची संपूर्ण माहिती एका फाइलीत साठवून, ती चहाबरोबर वरपासून खालपर्यंत वाचून काढली. पोडोफो ही आणखी एक लायब्ररीही नसल्याचे त्यांना आढळले; तिच्याअभावी इलस्ट्रेटरच्या फाइलींमधील पीडीएफ वाचता येत नाही. एक जाहिरातदार नेमक्या तशाच फाइली पाठवत असल्याने तीही बसवली. मूळ संरचना बदलल्यामुळे मेकने जवळजवळ सगळ्या फाइली पुन्हा केल्या आणि आणखी तीन तास गेले. सीमेकची माहिती पहिल्यांदाच अशी वाचली असती तर ते वाचले असते.

पहिल्या आज्ञेपासून पूर्ण स्क्राइबसपर्यंत एकूण नऊ दिवस लागले. त्यात प्रत्यक्ष काम दिवसाला तासा-दोन तासांचे होते. बाकीचा वेळ डेटाची मर्यादा, वीज आणि मेक यांनी घेतला. वहीत एकोणीस नोंदी झाल्या. त्यांपैकी कोणत्याही नोंदीसाठी कोडमधील एकही ओळ बदलावी लागली नाही. अंक दिवाळीच्या चार दिवस आधी तयार झाला. १.५ मध्ये साठवलेली फाइल १.४ मध्ये उघडत नाही, हे मी आधी सांगायला विसरलो होतो आणि मंडळातील दुसऱ्या सदस्याच्या संगणकावर १.४ होता, शेवटी दुरुस्त्या पीडीएफवर लाल शेरे मारून पाठवल्या गेल्या, आणि मावशींना तो प्रकार विशेष आवडला.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये डेबियन ११ आले. त्याच्या भांडारात १.५ मालिकेचाच स्क्राइबस होता, म्हणजे आम्ही ज्यासाठी नऊ दिवस घालवले ते आता एका आज्ञेत मिळत होते. मावशींनी लॅपटॉप अद्ययावत केला, अनावश्यक पॅकेजे काढण्याची आज्ञा दिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी बांधलेला स्क्राइबस उघडेना. आयसीयू या युनिकोड मजकूर हाताळणाऱ्या लायब्ररीची ६३ क्रमांकाची आवृत्ती सापडत नाही, असा संदेश होता. नव्या डेबियनमध्ये ती ६७ क्रमांकाची झाली होती, आणि हाताने बांधलेल्या प्रोग्रॅमला कोणती लायब्ररी लागते याची पॅकेजव्यवस्थेकडे नोंद नसल्याने जुनी लायब्ररी अनावश्यक समजून काढली गेली होती. हा संदेश मावशींनी मला फोन करून वाचून दाखवला नाही. त्यांनी तो वहीत विसावी नोंद म्हणून लिहिला, भांडारातील स्क्राइबस बसवला, होम फोल्डरमधला जुना फोल्डर काढला, उजव्या रकान्यातील डेव्ह पॅकेजे एकेक करून खोडत काढून टाकली आणि मग मला वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवला.